तुमचं रक्तच पातळ आहे

माझ्या आईची पिशवी काढली तेव्हा मी आठवीत होते. पिशवी म्हणजे गर्भाशय. आमच्याकडे त्याला गर्भाशय कुणी म्हणत नाही. पिशवी म्हटलं की काढून टाकणं सोपं वाटतं.

वडील रेल्वेत होते आणि आम्ही दौंडच्या रेल्वे कॉलनीत राहायचो. आईच्या अंगावरून फार जायचं. त्या दिवसांत ती खाटेवर बसत नसे, सतरंजीवरही नाही, खराब होईल म्हणून. स्वयंपाकघराच्या फरशीवर भिंतीला टेकून बसायची आणि तिथूनच भाजी निवडायची, पीठ मळायची. जुन्या सुती साड्या फाडून तिनं घड्यांचा एक गठ्ठाच करून ठेवला होता. मला पाळी आली तेव्हा त्यातल्या निम्म्या घड्या तिनं माझ्या हातात दिल्या आणि म्हणाली, "आपल्यात जास्तच जातं बघ. माझ्या आईचंबी असंच होतं. घाबरायचं न्हाई."

मी घाबरले नाही. उंची किंवा रंग घरातून येतो तसंच हेही आलं असेल, असं मी समजले.

गावातल्या एका खासगी दवाखान्यात वडील तिला घेऊन गेले. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि सांगितलं, "मुलं झालीत ना? मग काढून टाकू. कटकट मिटेल." आई तेव्हा पस्तिशीचीही नव्हती. ऑपरेशन झालं आणि रक्त थांबेना. पोटाला लावलेली नळी भरून वाहत होती. वडिलांनी कॉलनीतून माणसं गोळा केली, रुळांची देखभाल करणाऱ्या त्यांच्या गँगमधले लोक ड्युटीच्या कपड्यांतच रक्त द्यायला आले. संध्याकाळी डॉक्टर बाहेरच्या व्हरांड्यात आले आणि सगळ्यांसमोर वडिलांना म्हणाले, "तुमच्या मिसेसचं रक्तच पातळ आहे हो. आधी सांगायला नको का?"

वडिलांनी हात जोडले आणि म्हणाले, "चुकलं साहेब."

मी तिथंच बाकावर बसले होते. माझा बाप उन्हातान्हात रुळांवर काम करणारा, कुणापुढं न वाकणारा माणूस. तो त्या डॉक्टरची माफी मागत होता, आणि आत माझी आई पांढरी पडत चालली होती. मग ॲम्ब्युलन्स आली, तिला पुण्याला नेलं. ती वाचली. पण त्यानंतर ती कधी आधीसारखी झाली नाही. केस पिकले, गुडघे धरले, सारखा घाम येऊन अंगाची लाही व्हायची. बायका म्हणायच्या, पिशवी काढली की असं होतंच.

'रक्त पातळ आहे' हे वाक्य मात्र त्या दवाखान्यातून आमच्या घरी राहायला आलं. उन्हाळ्यात माझा घोळणा फुटायचा, नाकातून रक्त थांबायचं नाही, की आई म्हणायची, माझ्यावर गेलीय, रक्त पातळ आहे. मग डोक्यावर गार पाणी, नाकाशी फोडलेला कांदा, आणि नंतर सब्जा, गुलकंद. कॉलेजात असताना दाढ काढली तर दोन दिवस तोंडातून रक्त येत राहिलं. उशी बदलून बदलून आई थकली. दातांचे डॉक्टर म्हणाले, "सारख्या चुळा भरल्या असतील हिनं." मी एकही चूळ भरली नव्हती. एवढे लोक आमच्या रक्ताबद्दल बोलले, पण ते नक्की पातळ म्हणजे कसं आणि का, हे एकानंही विचारलं नाही.

लग्न झालं आणि मी शिरूरकडं आले. नवरा रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला, आम्ही कारेगावात खोली घेतली. पहिली मुलगी झाली तेव्हा मला रक्त चढवावं लागलं. दुसऱ्या वेळी मुलगा झाला, तेव्हाही. दोन्ही वेळा घरी सोडताना लोहाच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं, पालक खा, गूळ-शेंगदाणे खा. मी इतका पालक खाल्ला की आजही तो ताटात आला की मी बाजूला सारते. टाकीला भोक पडलेलं असताना वरून पाणी ओतत राहावं, तसं ते चाललं होतं.

मुलगा शाळेत जायला लागल्यावर मीही कंपनीत लागले. लाइनवर उभं राहून वायरिंगचे जोड तपासायचे. जागा सोडायची तर तुमच्या जागी कुणीतरी उभं राहावं लागतं, त्याला रिलिव्हर म्हणतात. पाळीच्या दिवसांत मला तासाला जावं लागायचं. सुपरवायझर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "मॅडम, तुम्हाला एक पर्मनंट रिलिव्हरच देऊन टाकू का?" पोरं हसायची. मी गडद रंगाचे ड्रेस घालायचे, आत दोन-दोन पॅड, आणि तरीही बसमधून उतरताना आधी सीटकडे बघायचे.

पोटात कळ यायची म्हणून कंपनीच्या मेडिकल रूममध्ये गेले की दुखण्याची गोळी मिळायची. ती घेतली की दुखणं कमी व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी रक्त आणखी जायचं. मला वाटायचं, दुसरा दिवस असाच असतो.

अंगावर काळे-निळे डाग तर कायमचेच. दंडाला कडी लागली तरी आठवडाभर डाग. माझ्या शेजारी लाइनवर उभी राहणारी बिहारची एक बाई होती. तिनं एकदा जेवणाच्या सुट्टीत माझी बाही हळूच वर केली आणि विचारलं, "दीदी, घर में सब ठीक है ना?" माझा नवरा मारतो असं तिला वाटलं होतं. मी हसून सांगितलं की माझं रक्त पातळ आहे. तिला ते पटलं नाही. मला पुरुषाचं नाव वाचवायला खोटं बोलणारी बाई समजली ती. तरी त्या डागांबद्दल विचारणारं माझ्या आयुष्यातलं ते पहिलंच माणूस होतं, म्हणून मी तिच्यावर रागावले नाही.

छत्तिसाव्या वर्षी माझं हिमोग्लोबिन इतकं खाली गेलं की मी लाइनवरच चक्कर येऊन पडले. शिरूरच्या एका डॉक्टरांकडे नेलं. सोनोग्राफी झाली. त्यात काही सापडलं नाही. डॉक्टर म्हणाले, "गाठ वगैरे काही नाही. पण आता मुलं झालीत ना? मग पिशवी काढून टाकू. मोकळ्या व्हाल."

आईला सांगितलेलंच वाक्य होतं ते. फक्त मधे इतकी वर्षं गेली होती, रस्ते चौपदरी झाले होते, दवाखान्याला लिफ्ट आली होती.

मी हो म्हणाले. खरंच सांगते, मला ते बरंच वाटलं. महिन्याचे आठ-नऊ दिवस परत मिळणार होते. आधी रक्त चढवलं, मग ऑपरेशनचा दिवस ठरला. सासूबाई चहाचा थर्मास घेऊन सोबत आल्या. मला हिरवा गाऊन घालून बसवलं, आणि भूल देणाऱ्या डॉक्टर मॅडम तपासायला आल्या. तरुण होत्या, पुण्याहून यायच्या. खुर्ची ओढून समोर बसल्या.

"कधी दात काढलाय?"

"हो. दाढ."

"रक्त लगेच थांबलं होतं?"

"दोन दिवस येत होतं."

"बाळंतपणात?"

"दोन्ही वेळा रक्त चढवलं."

"नाकातून येतं? अंगावर डाग पडतात? आईला, मावशीला असं काही?"

मी आईचं ऑपरेशन सांगितलं. मावशी पहिल्या बाळंतपणात रक्त जाऊन गेली तेही सांगितलं. मॅडमनी लिहिणं थांबवलं.

"हे तुम्हाला आधी कुणी विचारलं नाही?"

"नाही," मी म्हटलं. आणि ते म्हणताना पहिल्यांदा माझ्या छातीत काहीतरी तापायला लागलं.

त्या उठून आतल्या खोलीत गेल्या. दार अर्धवट उघडं होतं. ऑपरेशन करणारे डॉक्टर म्हणत होते, "अहो मॅडम, प्लेटलेट नॉर्मल आहेत, रक्त गोठायची टेस्ट नॉर्मल आहे. अजून काय पाहिजे? तुम्ही भूल द्या."

"सर, काही आजारांत या दोन्ही टेस्ट नॉर्मल येऊ शकतात. पुढच्या तपासण्या झाल्याशिवाय मी भूल देणार नाही."

"ऑपरेशनची लिस्ट खोळंबलीय माझी."

"मग दुसरं कुणी बोलवा. पण मी हिला सांगून जाणार."

आणि त्यांनी खरंच येऊन सांगितलं. "साडी नेसा. घरी जा. पुण्यात रक्ताच्या आजारांचे डॉक्टर असतात, आधी त्यांना भेटा. मग वाटलं तर ऑपरेशन करा." थर्मास तसाच भरलेला घेऊन आम्ही परत आलो. सासूबाई वाटभर म्हणत होत्या, "आयती सुटका व्हती, ती घालवली त्या पोरीनं."

पुण्याच्या डॉक्टर वयानं मोठ्या होत्या, सावकाश बोलायच्या. त्यांनी रक्त तपासायला घेतलं. महिन्याभरानं परत बोलावून पुन्हा घेतलं, कारण ताण असला की एकदाचा आकडा फसवू शकतो, म्हणाल्या. मग समोर बसवून सांगितलं.

"शरीरात कुठंही नस फाटली की प्लेटलेट तिथं धावतात आणि भोक बुजवतात. पण त्यांना तिथं चिकटून राहायला रक्तातलं एक प्रथिन लागतं. तुमच्या अंगात ते कमी तयार होतं. प्लेटलेट भरपूर आहेत, येतातही वेळेवर, पण त्यांना धरून ठेवणारं कुणी नाही. याला फॉन विलेब्रँड आजार म्हणतात. जन्मापासून असतो, आईकडून किंवा वडिलांकडून येतो."

"म्हणजे रक्त पातळ?"

"पातळ-बितळ काही नसतं. हा शब्द विसरा." मग त्या म्हणाल्या, "पुरुषांनाही होतो हा. पण बाईला दर महिन्याला कळतो."

"कळला नाही ना," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "दर महिन्याला रक्त सांगत होतं. मला, माझ्या आईला, आजीला. कुणाला कळलं?"

डॉक्टरांनी पेन उचललं. मग विचारलं, "पाळीत दुखतं तेव्हा काय घेता?" मी कंपनीतल्या गोळीचं नाव सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "या गोळीनं प्लेटलेटचं काम आणखी मंदावतं. ती परत घ्यायची नाही. दुखलं तर दुसरी देते." इतकी वर्षं मी दर महिन्याला, कंपनीच्या खर्चानं, स्वतःचा रक्तस्राव वाढवत होते.

त्यांनी पाळीच्या दिवसांत घ्यायच्या गोळ्या दिल्या. शिवाय गर्भाशयात बसवायचं एक औषधी साधन असतं, ज्यानं रक्तस्राव कमी होतो, ते बसवून घेतलं. आणि बजावलं की कुठलंही ऑपरेशन, अगदी दात काढायचा असला, तरी आधी सांगायचं. त्यासाठी वेगळी इंजेक्शनं असतात. पिशवी काढायची गरज नव्हती.

काही महिन्यांत माझं हिमोग्लोबिन वर आलं. लोकांना वाटेल मी आनंदले. मी संतापले. एके दिवशी शिफ्ट करून घरी आले, भाकऱ्या टाकल्या, भांडी घासली, आणि लक्षात आलं की मी अजून उभी आहे. पाय ओढत नाहीत. श्वास लागत नाही. बाकीच्या बायका अशाच जगतात हे मला तेव्हा कळलं. मी स्वतःला आळशी समजत होते. सासूबाई तसं म्हणायच्या आणि मला पटायचं. मुलगी लहान असताना तिला कडेवर घेऊन जिना चढताना मी मधेच बसायचे, आणि ती रडायची, आणि मी तिच्यावर खेकसायचे. तो सगळा काळ कुणीतरी माझ्याकडून काढून नेला होता. कुणाकडे मागायचा?

दौंडला जाऊन आईला सांगितलं. वडील वारले होते, आई भावाकडे राहत होती. मी जमेल तसं समजावलं, प्रथिन, प्लेटलेट, घराण्यातून येणं. ती शेंगा फोडत ऐकत होती. 

"म्हंजी माझ्या पिशवीला काय झालं न्हवतं?"

"नव्हतं झालं, आई."

"मग काढली कशाला?"

 तिनं शेंगांची परडी बाजूला सारली. "आन् ताई? माझी ताई बाळंतपणात गेली, तीबी ह्याच्यानंच?"

"असेल. आता कळायला मार्ग नाही."

आई कधी मोठ्यानं रडणारी बाई नाही. तेव्हाही रडली नाही. म्हणाली, "मला त्या पिशवी काढणाऱ्या डॉक्टरकडं ने."

आधी मी तिला पुण्याला नेलं. तपासणीत तिलाही तोच आजार निघाला. मग ती पुन्हा म्हणाली, आता ने. भाऊ म्हणत होता, इतक्या वर्षांनी काय उपयोग, म्हातारा माणूस आहे तो. आई म्हणाली, "मीबी म्हातारीच हाय."

दवाखाना आता तीन मजली झाला होता, मुलगा चालवत होता. म्हातारे डॉक्टर सकाळी तासभर येऊन बसायचे. आम्ही नंबर लावून आत गेलो. आईनं खुर्चीच्या कडेवर बसून सांगितलं, तुम्ही माझी पिशवी काढली होती, मी मरायला टेकले होते, तुम्ही माझ्या मालकाला म्हणालात, रक्त पातळ आहे. मी पुण्याचा रिपोर्ट पुढं ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला.

"हो, हा आजार असतो," ते म्हणाले. "पण त्या काळी इथं या टेस्ट कुठं होत्या, बाई?"

"टेस्टचं न्हाई म्हणत मी. इचारायला काय लागत हुतं? माझ्या आईचं, भैनीचं इचारलं असतं तर मी सांगितलं असतं."

"तुम्हीही सांगायला पाहिजे होतं. पेशंटनी लपवलं तर..."

"लपवलं?" आई उभी राहिली. तिचे गुडघे लवकर सरळ होत नाहीत, टेबलाला धरून उभी राहिली. "मला काय ठावं, काय सांगायचं असतंय ते? ते तुम्ही शिकलावता. माझा मालक तुमच्या पाया पडल्यावानी हात जोडून उभा हुता. त्यानं मरस्तोवर मनाला लावून घेतलं, की आपण सांगितलं न्हाई म्हणून बायकोवर ही येळ आली. डॉक्टरसाहेब, त्यानं काय लपवलंवतं?"

वडिलांच्या मनात हे होतं, ते मला माहीत नव्हतं. त्यांनी माझ्याजवळ कधी काढलं नाही.

डॉक्टरांनी बेल वाजवली. मुलगा आत आला, वडिलांकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि नम्रपणे म्हणाला, "आजी, झालं गेलं विसरून जा. चहा घेता?" आईनं पदर सावरला आणि बाहेर आली. माफी कुणी मागितली नाही. रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "बोलले तेवढं बरं वाटलं." मला बरं वाटलं नाही. त्या मुलाच्या आवाजातला तो चहा मी अजून विसरलेले नाही. शिरूरच्या डॉक्टरांचंही तसंच. मी रिपोर्ट दाखवायला गेले तेव्हा ते हसून म्हणाले, "बरं झालं, आपण वेळेत थांबलो." आपण.

मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. तिच्याही पायांवर डाग असायचे. तिची तपासणी करायची म्हटल्यावर सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. "पोरीच्या जातीला आजार चिकटवू नको. उद्या लग्न जमायचं न्हाई. तुला व्हतं, तुझ्यापुरतं ठेव."

"आत्या, मी चिकटवत नाही. तो असला तर आहेच."

"मग कशाला बघायचा?"

"माझी आई मरता मरता वाचली, मावशी मेली, म्हणून बघायचा."

नवरा दोघींच्या मधे बसला होता. मग तो म्हणाला, "आई, मी नेतो तिला." तो आजवर माझ्या बाजूनं इतकं थेट कधी बोलला नव्हता. कंपनीतली ती बिहारची बाई त्याला बायकोला मारणारा समजत होती हे मी त्याला त्याच आठवड्यात सांगितलं होतं. ते त्याला फार लागलं असावं. मुलीला आजार निघाला. मुलाला नाही. सासूबाई त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतात, आणि नातेवाइकांत सांगतात की सून हट्टी आहे. आहेच.

पुढल्या वर्षी मुलीला शाळेत असतानाच पाळी आली. आम्ही आधीच सगळं बोलून ठेवलं होतं. डॉक्टरांनी तिच्यासाठी ठरवून दिलेल्या गोळ्या तिच्या दप्तरात होत्या. तिनं बाईंना जाऊन सांगितलं, पॅड घेतलं, गोळी घेतली आणि गणिताच्या तासाला परत जाऊन बसली. संध्याकाळी घरी आल्यावर मला म्हणाली, "आई, आली. जास्त नाहीये. मला भूक लागलीय." पोहे खाल्ले आणि भावाशी रिमोटवरून भांडत टीव्हीपुढं बसली, खाटेवर, पाय वर घेऊन.

मी न्हाणीत गेले, नळ सोडला आणि रडले. नवरा दाराशी येऊन म्हणाला, "अगं, आता तर सगळं नीट आहे. रडतेस कशाला?"

मी दार उघडलं नाही. त्याला काय सांगणार होते? मी सुखानं रडत नव्हते. एवढंसंच होतं ते, हे बघून रडत होते. चार प्रश्न आणि थोड्या गोळ्या.